पहिलं वाटण

मी एक जुना पाटा आहे, मित्रांनो. काळ्या दगडाचा, पुढे निमुळता होत गेलेला, एका कोपऱ्यावर टवका उडालेला. मुलुंडला एका इमारतीच्या मागच्या नळाजवळ मी पडून असतो. खेळून आलेली मुलं माझ्यावर उभी राहून पाय धुतात. मी पाय धुवायचाच दगड आहे असं त्यांना वाटतं. मला त्याचा राग येत नाही. एखाद्याकडे नुसतं पाहून तो आधी काय करत होता हे ओळखणं कठीणच असतं. मलासुद्धा माझ्या आयुष्यातली एक गोष्ट अजून कळलेली नाही. ती तुम्हाला सांगतो. तुम्हाला उलगडली तर बघा.

घाटकोपरच्या डोंगराच्या पायथ्याशी अंबादास नावाच्या पाथरवटाने मला घडवलं. तो दगड आधी वाजवून बघायचा. आवाज बद्द आला की तो दगड बाजूला टाकायचा. मला त्याने दोनदा वाजवलं, मान हलवली आणि छिन्नी उचलली. माझ्याच अंगातून निघालेल्या एका तुकड्याचा त्याने वरवंटा केला. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला ऊन खात बसलो असताना एक मालवणी गृहस्थ आले आणि मुलीच्या लग्नासाठी आम्हाला घेऊन गेले.

त्या मुलीचं नाव सुगंधा. तिच्याबरोबर मी मुलुंडच्या एका चाळीत आलो आणि मोरीच्या बाजूला भिंतीला टेकून राहू लागलो. रोज सकाळी ती मला आडवा करायची, पाण्याचा हात फिरवायची आणि ओलं खोबरं, धणे, मिरची, चिंच असं एकेक माझ्यावर ठेवायची. तिचा हात लांब जायचा आणि परत येताना हलका व्हायचा. वाटून झालं की ती मला धुवायची आणि ते पाणी आमटीत घालायची, कारण चव शेवटपर्यंत दगडाला धरून बसते. तिची मुलगी मृणालिनी हिच्या बारशाला वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवलं, तेव्हा मी नुसता पाहत राहिलो. पाटा कुणी पाळण्यात ठेवत नाही. पण शेजारची विमला म्हणायची, "सुगंधा, तुझ्या पाट्यावरच्या वाटपाला तोड नाही गं." मला तेवढं पुरत असे.

सुगंधाचा नवरा चंद्रप्रकाश बोटीवर भंडारी होता. मालवाहू बोटीवरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. तो वर्षभर समुद्रावर असायचा आणि मग काही महिने घरी. घरी आला की आधी सगळ्यांशी खूप बोलायचा, मग कमी बोलायचा, मग गॅलरीत उभा राहून नुसता रस्ता बघायचा.

मी सांगतो ते साल शहाऐंशी. पावसाळा सरला होता. चंद्रप्रकाशची जुनी बोट भंगारात निघाली होती आणि नव्या बोटीचं बोलावणं येत नव्हतं. विमलाचा नवरा कुंडलिक भांडुपच्या एका कारखान्यात होता. तिथल्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाक्याची जागा रिकामी होती. कुंडलिकने चंद्रप्रकाशचं नाव सुचवून ठेवलं होतं. सुगंधाने त्या बातमीच्या दिवशी खोबरं इतकं बारीक वाटलं की वरवंटा माझ्यावरून घसरायला लागला. मृणालिनी तर शाळेत सांगूनही आली की, माझे बाबा आता रोज घरी येणार.

आणि नेमकं त्याच आठवड्यात एजंटाकडून बोलावणं आलं. बोट होती, पण तिचा कप्तान आणि वरचे अधिकारी मेक्सिकोचे होते. त्यांना डाळभात करणारा भंडारी चालणार होता, मात्र त्याला त्यांचा सालसा यायला हवा होता. लाल एक, हिरवा एक. पुढच्या मंगळवारी दोन्ही घरून करून फोर्टातल्या ऑफिसात आणायचे. कप्तान स्वतः चाखणार आणि मग ठरवणार.

मेक्सिको हे नाव चाळीतल्या सगळ्या पोरांना ठाऊक होतं, कारण काही महिन्यांपूर्वीच तिथला फुटबॉल त्यांनी टीव्हीवर पाहिला होता. सालसा मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. मलाही नव्हता.

"चटणीच ना?" सुगंधाने विचारलं.

"चटणी नाही गो. कोशिंबीर पण नाही," चंद्रप्रकाश म्हणाला. "मधलंच काहीतरी. व्हेराक्रूझ बंदरात एक म्हातारी करायची. तीन पायांच्या दगडी खलात."

तीन पायांचा दगड! मी पार गोंधळलो. पाय असलेला दगड पळून जात नसेल का?

"तुम्हाला जायचंच आहे का पण?" सुगंधाने विचारलं. ती भांडत नव्हती, खरंच विचारत होती.

चंद्रप्रकाश गॅलरीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. "कँटीन वाईट नाही," तो म्हणाला. "पण जमिनीवर जास्त राहिलो ना, की मला माझाच पत्ता सापडेनासा होतो. आणि तिकडे गेलो की तुमची आठवण येते. काय ते मलाच समजत नाही."

"मग करून तर बघू," सुगंधा म्हणाली.

मित्रांनो, माझा गोंधळ इथून सुरू होतो. तिला तो जायला नको होता, हे मला तिच्या हातावरून कळत होतं. सालसा बिघडला असता तर तो घरीच राहिला असता. तिने काही करायचीसुद्धा गरज नव्हती. तरी त्या दिवसापासून ती बाजारातून टोमॅटो आणायला लागली.

पहिला सालसा माझ्यावर झालाच नाही. विमलाने नवा मिक्सर घेतला होता आणि तो दाखवायला तिला निमित्त हवंच होतं. कच्चे टोमॅटो, मिरच्या, कांदा, सगळं त्यात घालून तिने बटण दाबलं. भांड्यातून गुलाबी फेस निघाला.

"अगं बाई, हे तर सरबत झालं!" विमला म्हणाली.

"स्ट्रॉ आणू का?" मृणालिनीने विचारलं आणि धपाटा खाल्ला. चंद्रप्रकाशने सांगितलं, मिक्सरने आत हवा शिरते, टोमॅटोचा रंगच उडतो. दगडच पाहिजे.

मला फार बरं वाटलं. पण ते बरं वाटणं तेवढ्यापुरतंच होतं. खलाला काठ असतो, मला काठ नाही. सुगंधाने कच्चा टोमॅटो माझ्यावर ठेवून वरवंटा दाबला, तशी त्यातल्या रसाची धार थेट तिच्या मांडीवर गेली. दुसऱ्या टोमॅटोने मृणालिनीचं अभ्यासाचं पुस्तक रंगवलं. तेव्हा चंद्रप्रकाशला आठवलं की म्हातारी टोमॅटो आधी तव्यावर भाजायची. साल काळी पडेपर्यंत. भाजलेल्या टोमॅटोचं पाणी आटतं आणि तो दगडावर बसून राहतो. सुगंधाने मला किंचित उतार दिला आणि माझ्या टोकाखाली परात ठेवली. आधी मीठ, लसूण आणि मिरची वाटून त्यांचा गोळा करायचा, मग त्यात एकेक टोमॅटो चिरडायचा, असा क्रम तिने चुकत चुकत बसवला.

सुक्या मिरच्यांची कथा वेगळी. चंद्रप्रकाशने मागच्या सफरीहून बिस्किटाच्या डब्यातून तिकडच्या काळपट, सुरकुतलेल्या मिरच्या आणल्या होत्या. सुगंधाने त्या आपल्या मसाल्याच्या मिरच्या भाजाव्यात तशा खरपूस भाजल्या. सगळी चाळ खोकत बाहेर आली. कुंडलिक नाकाला टॉवेल लावून ओरडला, "वहिनी, सालसा करताय की आम्हाला खोल्या खाली करायला लावताय?" एवढं करून सालसा कडू झाला तो झालाच. पुढच्या वेळी तिने मिरची तव्यावर नुसती उलटसुलट केली, वास सुटताच उचलली आणि गरम पाण्यात भिजत घातली. तेव्हा कुठे ती माझ्यावर मऊ होऊन पसरली.

पण सगळ्यात मोठ्या चुका तिच्या सवयीच्या होत्या. एकदा रंग उत्तम आला, घट्टपणा उत्तम आला, आणि तिने सवयीने मोहरी-हिंगाची फोडणी करून वर ओतली. चिमूटभर साखरही घातली.

चंद्रप्रकाशने बोट बुडवून चाखलं. "झकास!" तो म्हणाला. "भाकरीबरोबर एक नंबर. पण काय गो, ही आपली टोमॅटोची चटणी झाली."

"हात गेला हो."

दुसऱ्या दिवशी तिने फोडणी टाळली. पण वाटून झाल्यावर मला नेहमीसारखं धुतलं आणि ते पाणी सालशात घातलं. सालसा आमटीसारखा पळायला लागला. आपल्याच हाताकडे बघत ती म्हणाली, "माझं ऐकतच नाही हा." हिरव्या सालशासाठी लागणारं तिकडचं फळ मुलुंडच्या बाजारात कुठून मिळणार? त्याच्या जागी कच्चे हिरवे टोमॅटो उकडून त्यात मिरची, कोथिंबीर आणि लिंबू घालायचं हे तिला तीन वेळा बिघडवल्यावर सुचलं.

मी रोज न्हाऊन निघत होतो, पण आपण काय करतोय हे मला उमगत नव्हतं. माझ्यावर खोबरं का येत नाही? चिंच कुठे गेली? तिखटाने तिच्या तळव्यांची आग आग व्हायची, मग ती खोबरेल लावून बसायची आणि पुन्हा मिरच्या भिजत घालायची. चंद्रप्रकाश समोर पाटावर बसून चाखायचा आणि सांगायचा. मृणालिनी शेवटी वरवंट्याला लागलेलं चाटायची. सगळे हसायचे. जो माणूस घरातून जाऊ नये, त्याच्या जाण्याची तयारी इतकी हसत कशी चालते?

शनिवारी सालसा जमला. चंद्रप्रकाशने डोळे मिटून घेतले आणि बोट पुन्हा बुडवलं. सुगंधाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग मला धुवायला घेतलं. मला धुवायला तिला इतका वेळ कधीच लागला नव्हता.

एक अडचण राहिली होती. इतक्या वाटणाने मी गुळगुळीत झालो होतो आणि मिरचीची सालं माझ्यावरून नुसती घसरत होती. म्हणून सोमवारी दुपारी, "टाकीऽऽ लावायची का पाट्याला!" अशी हाक आली तेव्हा सुगंधाने चंपाला वर बोलावलं. चंपा नेहमीची टाकीवाली. तिने मांडीखाली गोणपाट घेतलं आणि छिन्नीने माझ्या सबंध अंगावर बारीक खाचा पाडल्या. टाकीचं दुखत नाही, मित्रांनो. उलट आपण नव्याने जन्मलो असं वाटतं. पण टाकीनंतर दगडाची भुकटी अंगात भरून राहते. म्हणून पहिलं वाटण खायचं नसतं. जाडं मीठ आणि तांदूळ वाटायचे, ते राखाडी पीठ टाकून द्यायचं, पीठ पांढरंशुभ्र निघेपर्यंत पुन्हा वाटायचं, मग मला धुवायचं आणि मगच जेवणाचं काही ठेवायचं.

"मीठ-तांदूळ वाटशील ना गं?" चंपा जाता जाता म्हणाली.

"मला काय शिकवतेस?" सुगंधा हसून म्हणाली. खरंच होतं ते. लग्नापासून मला कितीतरी वेळा टाकी लागली होती आणि ती एकदाही चुकली नव्हती.

मंगळवारी सकाळी सुगंधा माझ्यासमोर बसली. चंद्रप्रकाश आंघोळीला गेला होता. त्याची इस्त्री केलेली पँट आणि पांढरा शर्ट खुंटीला होता. मी मिठाची वाट पाहत होतो. तांदळाची वाट पाहत होतो.

तिने माझ्यावर लसूण ठेवला.

मला वाटलं, चुकून ठेवला, आता उचलेल. तिने उचलला नाही. त्यावर भिजलेली मिरची ठेवली आणि वरवंटा फिरवला. माझ्या अंगातली भुकटी त्या लाल गोळ्यात मिसळताना मला स्पष्ट कळत होती. दगडाला ओरडता येत नाही. ती मान खाली घालून वाटत राहिली. मध्येच तिने हात थांबवला, तळवा माझ्यावर सपाट ठेवला, आणि पुन्हा वाटायला लागली. लाल झाला, हिरवा झाला. दोन्ही सालसे बाटल्यांत भरले गेले.

मृणालिनीने नेहमीप्रमाणे वरवंटा चाटला. "आई, कचकचतंय."

"काही कचकचत नाही. दात घासलेस का नीट?"

"घासले. बघ ना, खडे आहेत."

चंद्रप्रकाश भांग पाडत बाहेर आला. त्याने मुलीकडे पाहिलं, मग परातीत उरलेल्यावर बोट फिरवलं आणि चाखलं. त्याचा जबडा हळूहळू हलला आणि थांबला. आता हा भडकणार, सगळी वाट लावलीस म्हणून ओरडणार, असं मला वाटलं.

"मीठ-तांदूळ वाटायचं राहिलं," तो म्हणाला.

"राहिलं."

"विसरलीस?"

सुगंधाने मिठाच्या डब्याकडे पाहिलं. "अहो, मलाच कळत नाही," ती म्हणाली. "मिठाचा डबा समोर होता. मला दिसत होता. हात लसणाकडे गेला आणि मी त्याला थांबवलं नाही. विसरले म्हणू की काय म्हणू?" मग पदर तोंडाला लावून ती रडायला लागली आणि लगेच "मिरची लागली डोळ्याला" म्हणाली.

चंद्रप्रकाशने खुंटीवरून पँट काढली, चढवली आणि तो त्या इस्त्रीच्या पँटनिशी माझ्यासमोर मांडी घालून बसला.

"मीठ दे."

"अहो, डाग पडेल."

"पडू दे. मीठ दे आणि तांदूळ दे."

"सरा, मी करते. मला लवकर होईल."

"आणि बोटीवर कोण करणार आहे?" तो म्हणाला. "आठवडाभर चुकलीस तू, म्हणून शिकलीस पण तूच. मी नुसता चाखत बसलो."

तेव्हा मला जाणवलं की हे खरंच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. बोटीवर जाणार होता तो आणि सालसा येत होता तिला!

त्याने वरवंटा धरला तो पोळ्या लाटायच्या लाटण्यासारखा. मीठ उडून मृणालिनीच्या डोक्यावर पडलं. "कोपर वर घ्या," सुगंधा नाक पुसत म्हणाली. "मनगटाने काय ढकलताय? जोर पाठीतून येऊ दे. हां. परत येताना दाबू नका, नुसतं या." पहिलं पीठ राखाडी निघालं, ते मोरीत गेलं. मग पांढुरकं, तेही गेलं. मग शुभ्र. तिने मला धुतलं. ते पाणी मोरीत टाकलं आणि आधी भरलेल्या दोन्ही बाटल्याही तिथेच ओतून धुतल्या. टोपलीत उरलेले लाल टोमॅटो त्याने भाजले, त्यातला एक करपवला, आणि हिरवे उकडले. लसणाची एक पाकळी त्याच्याकडून वाटलीच गेली नाही, अख्खी राहिली. घाम गळत होता, पँटवर लाल डाग पडला होता. सुगंधाने चाखलं.

"माझ्यासारखा नाही झाला."

"कळतंय मला."

"पण दाताला काही लागत नाही," ती म्हणाली आणि बाटल्यांची झाकणं तिने स्वतः घट्ट लावली.

तो संध्याकाळी परत आला. सुगंधा दारातच उभी होती. तिने विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. कप्तानाच्या घासात ती अख्खी लसणाची पाकळी आली. त्याने ती बोटांत धरून सगळ्यांना दाखवली आणि तो हसला, कारण मशीनवर केलेल्या सालशात लसूण असा सापडत नाही. मग पावाचा तुकडा बुडवून पुन्हा खाल्लं. पंधरवड्यात निघायचं होतं.

मृणालिनी त्या दिवशी जेवली नाही. सुगंधा जेवली, पण ताटात मीठ वाढून घ्यायला विसरली.

त्या पंधरवड्यात घरातलं सगळं वाटण चंद्रप्रकाशने केलं. सुगंधा शेजारी बसून त्याला बोलत राहायची आणि तो निमूट ऐकायचा. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात आनंदाचे दिवस होते. आनंदाचे का, तेही मला नीट सांगता येत नाही. मग एका सकाळी तो गेला. पुढच्या रविवारी सुगंधाने माझ्यावर लाल सालसा वाटला, चांगली मोहरी-हिंगाची फोडणी दिली आणि ती म्हणाली, "आता कोण नको म्हणतंय?" मायलेकींनी तो भाकरीबरोबर खाल्ला.

चंद्रप्रकाश परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. बऱ्याच वर्षांनी कायमचा राहिला. चाळ पाडून इमारत झाली. घरात मिक्सर आला, मी नळाजवळ आलो. वरवंटा कुठे गेला, मला माहीत नाही.

सुगंधा त्या सकाळी खरंच विसरली होती की नव्हती? मी तिच्या हाताखालीच होतो, तरी मला सांगता येत नाही. चंद्रप्रकाशने तिला पुन्हा कधीही विचारलं नाही. घरी पाटा ठेवा, त्याला जपा, असं तुम्हाला सांगावंसं वाटतं, पण तुमच्या घरात पाट्याला जागा नसेल हे मी जाणतो. म्हणून एवढंच मागतो. घरात कुणाच्या हातून काही बिघडलं, तर मुद्दाम केलंस का, हे विचारायची घाई करू नका. पुष्कळदा ते त्या माणसालाही ठाऊक नसतं. त्याच्या शेजारी खाली बसा, मित्रांनो, आणि पुन्हा पहिल्यापासून करायला घ्या. कपड्यांना डाग पडला तर पडू द्या.